अडलं की हात फोनकडं जातो : कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या अभ्यासिकेतल्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

मार्गदर्शक मॅडमनी आज आमच्या प्रकल्पाच्या विषयाला होकार दिला. अट एकच, शीर्षकात उत्तर नको. ‘मोबाइलमुळे तरुणांची एकाग्रता घटते’ असं लिहून कामाला बसलं की पुढं जे जे दिसेल ते त्याच खुंटीला टांगलं जातं. म्हणून आमचा प्रश्न आता असा आहे: अभ्यासाला बसलेल्या १८ ते २५ वयाच्या मुलामुलींचं लक्ष नेमकं कधी सुटतं, आणि कशामुळं?

विषय ज्याला सांगावा तो गोल्डफिशची गोष्ट ऐकवतो. माणसाचं लक्ष १२ सेकंदांवरून ८ सेकंदांवर आलं आणि गोल्डफिशचं ९ सेकंद आहे, ही ती गोष्ट. ती जगभर पसरली २०१५ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या शाखेनं जाहिरातदारांसाठी काढलेल्या अहवालामुळं. त्यातला हा आकडा आकडेवारी गोळा करणाऱ्या एका संकेतस्थळावरून उचललेला होता आणि त्यामागं कुठलाही प्रयोग सापडत नाही. आमच्या अहवालात हा आकडा येणार असेल तर फक्त खोडण्यासाठी. लक्ष किती टिकतं हे समोर काय आहे त्यावर ठरतं. खासबागेत कुस्ती बघताना तासन् तास न हलणारा मुलगा राज्यघटनेच्या पानावर दोन मिनिटांत चुळबुळतो. दोन्ही वेळी डोकं तेच असतं.

१० जानेवारी, शुक्रवार

जागा ठरली. राजारामपुरीतली एक अभ्यासिका. दोन खोल्या, मध्ये लाकडी पार्टिशन, प्रत्येक टेबलाला कप्पे पाडलेले, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. चालवणारे काका निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी परवानगी देताना एवढंच विचारलं, “पोरांचं नाव कुठं येणार न्हाई न्हवं?” नावं येणार नाहीत. प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक देणार आणि संमतिपत्र मराठीत असणार.

इथं येणारी मुलं बहुतेक राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगडकडची. खोली भाड्यानं, जेवण मेसचा डबा, पहाट ते रात्र अभ्यासिका. लक्ष्य पीएसआय, तलाठी, राज्यसेवा. आज नुसतं बसून बघितलं आणि एक गोष्ट लगेच लक्षात आली. यांचा फोन हेच यांचं पुस्तक आहे. चालू घडामोडी टेलिग्रामवर येतात, जुन्या प्रश्नपत्रिका पीडीएफमध्ये असतात, गणिताचा क्लास यूट्यूबवर चालतो. पुण्यातल्या क्लासची फी परवडत नाही, म्हणून तो क्लास फोनमधून इथं येतो. ‘फोन बंद ठेवा’ म्हणणं म्हणजे यांच्यातल्या निम्म्यांना ‘पुस्तक मिटा’ म्हणणं. हे विसरून काढलेला कुठलाही निष्कर्ष या मुलांवर अन्याय करेल.

१६ जानेवारी, गुरुवार

वाचनाचा दिवस. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ग्लोरिया मार्क यांनी कामाच्या ठिकाणी लोक एका स्क्रीनवर किती वेळ टिकतात हे वर्षानुवर्षं मोजलं. २००४ मध्ये सरासरी सुमारे अडीच मिनिटं, २०१२ मध्ये ७५ सेकंद, अलीकडच्या मोजणीत ४७ सेकंदांच्या आसपास. हा आकडा भीतिदायक वाटतो, पण तो वर्तनाचा आहे. माणसं किती लवकर स्क्रीन बदलतात एवढंच त्यातून कळतं, बदलायची नाही म्हटलं तर किती वेळ टिकू शकतील हे नाही. मला त्यांच्या कामातलं दुसरं निरीक्षण जास्त महत्त्वाचं वाटलं: लक्ष तुटतं त्यातल्या निम्म्याच्या आसपास वेळा ते बाहेरून कुणी तोडत नाही, माणूस स्वतःच तोडतो.

दुसरं, २०१७ मधला एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांचा टेक्सासमधला प्रयोग. सगळ्यांचे फोन मूक केलेले. काहींचा टेबलावर, काहींचा खिशात किंवा बॅगेत, काहींचा दुसऱ्या खोलीत. दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांची कामगिरी टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा चांगली निघाली. पुढं इतरांनी हाच प्रयोग करून पाहिला तेव्हा प्रत्येक वेळी तसंच दिसलं नाही. म्हणजे फोनचं नुसतं असणंही नडतं, हे वाक्य ठामपणे लिहिता येणार नाही. फ्लोरिडातल्या २०१५ च्या एका अभ्यासात मात्र फोन हातात न घेताही नुसत्या नोटिफिकेशनच्या आवाजानं किंवा थरथरण्यानं हातातल्या कामात चुका वाढलेल्या दिसल्या.

२० जानेवारी, सोमवार

अक्षर-खोड चाचणीचा कागद तयार करायला बसलो. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बूर्दों यांची ही पद्धत १८९५ ची आहे. ओळीनं अक्षरं छापलेली असतात, त्यातली ठरलेली अक्षरं तेवढी खोडायची. किती खोडली, किती सुटली, किती चुकीची खोडली यावरून लक्षाची चढउतार दिसते. फोन, संगणक काहीच लागत नाही. अभ्यासिकेसाठी याहून सोयीचं दुसरं काही नाही.

इंग्रजी अक्षरांचा तयार कागद मिळतो, पण ही मुलं दिवसभर देवनागरी वाचतात, म्हणून चाचणीही देवनागरीतच हवी. मग खरा कस लागला. देवनागरीत एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं कुठली? भ आणि म, घ आणि ध, व आणि ब, प आणि ष. मात्रा आणि जोडाक्षरं टाळली, कारण मात्रेनं अक्षर ओळखायला मदत होते आणि काम सोपं होतं. खोडायची अक्षरं ठरवली भ आणि घ. त्यांच्या आसपास म आणि ध मुद्दाम पेरले. काही फाँटमध्ये घ आणि ध यांच्यातला फरक इतका बारीक आहे की चूक लक्षाची की नजरेची हेच कळणार नाही. म्हणून पाठ्यपुस्तकासारखा मोठा, सुटसुटीत टाइप घेतला. खोडायची अक्षरं प्रत्येक ओळीत सारख्याच संख्येनं हवीत, पण एकाच जागी येऊ नयेत. हे हातानं करत बसलो, कारण ओळ प्रकल्पातल्या जोडीदारणीनं मोठ्यानं वाचली की ठेका सापडतो आणि ठेका सापडला की ती ओळ बाद करायची.

मिनिटागणिक टेबलावर एक टकटक करायची. ती ऐकली की मुलं असतील तिथं उभी रेघ मारतील आणि पुढं जातील. त्यामुळं कुठल्या मिनिटाला घसरण झाली ते कागदावरच दिसेल.

२५ जानेवारी, शनिवार

पहिली बैठक. वीसेक जण बसले. फोन ज्याचा त्याच्याजवळ, नेहमीसारखा.

कागद तपासताना दिसलं ते असं: सुरुवातीची काही मिनिटं जवळजवळ सगळ्यांची स्वच्छ आहेत. मग वेग तोच राहतो, पण अक्षरं सुटायला लागतात. इथं घाई करून फोनकडं बोट दाखवायचा मोह होतो. पण १९४८ मध्ये इंग्लंडमध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारवर नजर ठेवणाऱ्यांचा प्रश्न सोडवण्यासाठी घड्याळाच्या काट्याचा प्रयोग केला होता. काटा टकटक पुढं सरकतो, मधूनच दुप्पट उडी मारतो, ती उडी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच उड्या निसटायला लागल्या. तेव्हा खिशात कुणाच्याच काही नव्हतं. कंटाळवाण्या कामात लक्ष घसरतं ही माणसाची जुनी रीत आहे. आपल्याला शोधायचंय ते यापुढचं: घसरल्यावर ते जातं कुठं, आणि परत कसं येतं.

हे शोधायला अक्षर-खोड चाचणी पुरेशी नाही. काहीतरी वेगळं लागेल.

१ फेब्रुवारी, शनिवार

या आठवड्यातलं काम मला प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी दिली. रकाने दोन: ‘फोननं हाक मारली’ आणि ‘मीच गेलो/गेले’. लक्ष सुटलं की योग्य रकान्यात टिंब काढायचं आणि जमलं तर शेजारी दोन शब्द लिहायचे: त्या क्षणी काय चाललं होतं. मोजणी काटेकोर नाही हे आम्हाला माहीत आहे. टिंब काढायचंय हे लक्षात असलं की माणूस जरा सावध होतोच. पण आम्हाला टिंबांच्या संख्येपेक्षा शेजारचे शब्द हवे होते.

पहिला रकाना विरळ. दुसरा भरलेला. क-७ हा मुलगा चिठ्ठी देताना म्हणाला, “ताई, फोन वाजतच न्हाई ओ. मीच त्याला उठवतोय.”

आणि शेजारचे शब्द वाचत गेलो तसतसं एकच गोष्ट वेगवेगळ्या हस्ताक्षरांत दिसायला लागली. ‘कलम ३६८ चं परंतुक समजेना’ (परंतुक म्हणजे राज्यघटनेतल्या त्या कलमाला जोडलेली अट). ‘नळ-टाकीचं गणित अडलं.’ ‘प्रकरण संपलं, पुढचं काढायचं होतं.’ ‘तेच वाक्य तीनदा वाचलं.’ ‘उत्तर चुकलं.’ लक्ष कुठंही, कसंही सुटत नाही. ते अडलेल्या जागी सुटतं. जिथं वाक्य उलगडत नाही, जिथं गणित फसतं, जिथं एक काम संपून दुसरं सुरू करायचं असतं, तिथं हात फोनकडं जातो. क-११ या मुलीनं तर स्पष्टच सांगितलं, “मला रील बघायचं नसतंय. मला त्या पानापास्नं जरा लांब जायचं असतंय.”

पूर्वी काय होत होतं, हे काकांना विचारलं. ते म्हणाले, “पूर्वी अडलं की पोरगं वर पंख्याकडं बघत बसायचं.” मला वाटतं, यात सगळा फरक आला. पंख्याकडं बघताना ते वाक्य डोक्यातच असतं. बघता बघता कधी कधी सुटतंही. फोन उघडला की त्या रिकाम्या जागेत दुसरंच काहीतरी येऊन बसतं. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम सोडून दुसऱ्याकडं वळलं तरी पहिल्याचा अवशेष मनात रेंगाळतो आणि दुसरं काम बिघडवतो. इथं तर उलटसुलट दोन्हीकडचे अवशेष: रील बघताना परंतुक टोचतं आणि परंतुक वाचताना रील.

तरुण मुलांकडं लक्षच उरलं नाही असं मला या चिठ्ठ्यांवरून मुळीच म्हणता येत नाही. अडलेपण सहन करण्याचा जो थोडासा काळ असतो, तो मात्र त्यांच्याकडून जातोय. समज त्याच काळात येते.

८ फेब्रुवारी, शनिवार

हे अभ्यासापुरतंच खरं आहे का, ते बघायला शिवाजी उद्यमनगरात गेलो. एका मशीन शॉपमध्ये आमच्याच वयाची मुलं काम करतात. एका बाजूला धातू कातायचे, हातानं चालवायचे जुने लेथ, दुसरीकडं संगणकावर चालणारे सीएनसी.

जुन्या लेथवरच्या मुलाकडं बराच वेळ बघत उभी राहिले. एक हात कॅरेजच्या चाकावर, नजर टूलच्या टोकावर. बर (कातताना निघणारा धातूचा कीस) निघताना आवाज जरा बदलला की हात लगेच थांबतो. मग व्हर्नियरनं माप, पुन्हा एक बारीक कट. फोन खिशात होता. तिकडं हात गेला नाही. मिस्त्री म्हणाले, “हात गेला तर बोट जाईल, त्याला ठाऊक हाय.” पण नुसती भीती हे कारण मला पटत नाही. लेथ क्षणोक्षणी उत्तर देतो. आवाज, बर, जॉबची चकाकी, सगळं लगेच सांगतं की जमलं की चुकलं. राज्यघटनेचं पान काहीच सांगत नाही. समजलं की नाही हे थेट परीक्षेत कळतं.

सीएनसीवरची गोष्ट वेगळी. जॉब चकमध्ये लावला, दार लावलं, बटण दाबलं, की मशीन आपलं आपण चालतं आणि माणूस मोकळा. या मोकळ्या वेळात फोन निघतो. मालकांनी दाराशी फोनसाठी लाकडी खण केलेत. एक मुलगा मात्र त्या वेळात आधीचा जॉब मायक्रोमीटरनं मोजून पाटीवर मापं लिहितो. तो म्हणाला, “लिहायला लागल्यापास्नं टाइम कळत न्हाई.”

परतताना यावरच बोलत होतो: वाचताना मध्येच हाताला काम दिलं तर?

११ फेब्रुवारी, मंगळवार

बारावीची परीक्षा सुरू झाली. अभ्यासिकेत शेजारच्या गल्लीतली बारावीची मुलंही बसताहेत. आज काही घेतलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज मुलाखती. क-४ राधानगरी तालुक्यातला, स्वप्निल कुसाळेच्या भागातला. पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला कुसाळेनं नेमबाजीत ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिक कांस्यपदक जिंकलं तेव्हा यांच्या गावात फटाके वाजले. क-४ नं पात्रता फेरीचा हिशेब तोंडपाठ सांगितला: गुडघ्यावर, पडून, उभं राहून, प्रत्येकी २० असे ६० नेम, ६०० पैकी ५९० गुण, सातवा क्रमांक. “ताई, साठातल्या एकेका नेमाला पहिल्यासारखंच बसायचं. मागचा चुकला तर तो तिथंच सोडायचा.” तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या कोल्हापूरच्याच नेमबाजांची नावंही त्यानंच घेतली. कोल्हापुरात लक्ष देण्याचं शिक्षण रेंजवर आणि तालमीत रीतसर मिळतं, वर्गात कुणी देत नाही. हे त्याचं म्हणणं मी जसंच्या तसं अहवालात घेणार आहे.

मुलाखतींत सवय कधी लागली हेही विचारलं. यातल्या बऱ्याच जणांच्या घरात २०१६ नंतर, जिओचं स्वस्त इंटरनेट आल्यावर, पहिला स्मार्टफोन आला. स्वतःच्या हातात तो आला २०२० मध्ये, ऑनलाइन वर्गासाठी. त्याच वर्षी २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्सची सुरुवात भारतातूनच झाली. शाळा आणि रील्स एकाच वेळी, एकाच काचेवर, एकाच हातात. अभ्यासाचं साधन आणि अभ्यासातून सुटायचं दार वेगळं करायची संधी या पिढीला मिळालीच नाही. त्यांना आळशी म्हणणाऱ्या मोठ्यांनी हे वर्ष आठवावं असं मला मनापासून वाटतं.

आणि दार असं की बंदच होत नाही. पान संपलं की थांबायचं, ही खूण न संपणाऱ्या स्क्रोलनं काढून टाकली. ते २००६ मध्ये घडवणाऱ्या एझा रास्किन यांनी पुढं त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्यात पुढचं रील चांगलं निघेल की टुकार, हे माहीत नसतं. बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर दाखवलं होतं की बक्षीस अनिश्चित ठेवलं की चोच मारणं सुटता सुटत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. अभ्यासिका बंद, रस्ते भगवे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर ठरावीक तासांत फोन काकांच्या कपाटात. पीडीएफ वाचणाऱ्यांना लागतील तेवढी पानं आदल्या दिवशी झेरॉक्स करून दिली.

पहिली अडचण आम्ही कल्पिली नव्हती ती आली. क-१५ ची आई आजारी आहे. फोन कपाटात गेल्यावर तिचं लक्ष फोनजवळ असतानापेक्षा जास्त उडालं. ‘दुसऱ्या खोलीत ठेवा’ हा सल्ला देणाऱ्यांनी घरच्या फोनची वाट बघणाऱ्या मुलीचा विचार करायला हवा. काकांनी तोडगा काढला. त्यांचा साधा बटणांचा फोन टेबलावर राहील, त्याचा नंबर सगळ्यांनी घरी द्यायचा. तातडीचं असेल तर काका येऊन उठवतील. दुसऱ्या दिवसापासून ती शांत बसली.

आता चिठ्ठ्यांवर नवे शब्द आले. ‘खिडकी.’ ‘पाणी प्यायला गेलो.’ ‘शेजारच्याला विचारलं.’ ‘समासात प्रश्नचिन्ह केलं.’ टिंबं नाहीशी झाली नाहीत. लक्ष तितकंच सुटत होतं, पण मुलं पानाजवळच घुटमळत होती आणि परत येत होती. क-७ नं ३६८ चं परंतुक स्वतःच्या शब्दांत लिहून काढलं: संघराज्याच्या रचनेला हात लावणारी दुरुस्ती असेल तर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. लिहिल्यावर म्हणाला, “एवढंच हुतं व्हय!”

१ मार्च, शनिवार

सगळ्यांनी एकाच वेळी फोन ठेवला की तो ठेवणं सोपं का जातं? एकट्यानं ठेवला तर इतरांचं चाललेलं आपल्याकडून सुटतंय ही हुरहुर राहते. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायची पद्धत पाडली. भोंग्यामुळं निर्णय एकट्याचा राहत नाही. आमच्या मुलांनीही हेच सांगितलं: “सगळ्यांचाच कपाटात हाय म्हटल्यावर कोण काय पाठवणार?” मनाचा निग्रह वाढवा असं सांगत बसण्यापेक्षा वेळ वाटून घेणं जास्त उपयोगी आहे. माझं मत आता यावर ठाम झालंय.

७ मार्च, शुक्रवार

अहवालाचा मसुदा मॅडमनी वाचला. ‘सिद्ध होते’ जिथं जिथं होतं तिथं ‘दिसते’ केलं. ते योग्यच आहे. संख्या लहान, तुलनेला दुसरा गट नाही, आणि आठवडाभराचं निरीक्षण म्हणजे सवय बदलली असं नव्हे. २०१८ मध्ये लॉस एंजलिसच्या शाळकरी मुलांवर दोन वर्षं चाललेल्या मोठ्या अभ्यासातही डिजिटल माध्यमांचा जास्त वापर आणि लक्ष विचलित होण्याची लक्षणं यांत संबंध दिसला, पण कशामुळं काय झालं हे त्यांनीही म्हटलं नाही.

काकांनी आणि मुलांनी मिळून अभ्यासिकेपुरतं ठरवलंय. सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ८ फोन कपाटात, बाकी वेळ ज्याचा त्याच्याकडं. दाराशी एक ‘अडलेलं’ वही: जे समजलं नाही ते पान क्रमांकासह लिहायचं, ज्याला येतं त्यानं खाली उत्तर लिहायचं, उरलेलं रात्रीच्या चहाला बोलायचं. क-११ नं विरोध केला. तिचा गणिताचा लाइव्ह क्लास संध्याकाळी ७ ला असतो. मग पार्टिशनपलीकडची खोली त्या वेळात क्लासवाल्यांना दिली, हेडफोनची सक्ती करून.

अहवालाची एक प्रत अभ्यासिकेत ठेवायची आहे. सांकेतिक क्रमांकांची यादी आमच्याकडंच राहील, तोंडी परीक्षा झाली की ती फाडून टाकायची. अक्षर-खोड चाचणीचा देवनागरी कागद विभागात ठेवून घ्या, पुढच्या तुकडीला लागेल, असं मॅडम म्हणाल्या. त्यातल्या घ-ध च्या दोन ओळी मला अजून सोप्या वाटतात. त्या उद्या बदलते.